मासेराती एवढ्या मोठ्या घरात असूनही का खंगली? जुन्या गाड्यांच्या धंद्यातून दिसणारं उत्तर

मूळ प्रश्न असा आहे: स्टेलांटिससारखा १४ ब्रँडचा अवाढव्य ग्रुप पाठीशी असताना मासेरातीची ही अवस्था का? टाटांनी जग्वार-लँड रोव्हर वर काढली तशी ही कुणी वर काढेल का? आणि सेकंडहँडमध्ये निम्म्याहून कमी किमतीत मिळतेय तर घ्यावी का?

मी बावीस वर्षं वापरलेल्या महाग गाड्यांचं व्हॅल्युएशन करतोय, आधी पुण्यात, आता जास्त करून मुंबईत. कार कंपनी कशी चालवावी हे मला कुणी विचारत नाही आणि सांगताही येणार नाही, पण कंपनीने दहा वर्षांपूर्वी काय माती खाल्ली हे तिची जुनी गाडी विकायला आली की लगेच कळतं, कारण त्या चुकीचे पैसे शेवटी गिऱ्हाइकाच्या खिशातूनच जातात आणि तो आकडा त्याला तोंडावर सांगायचं काम माझ्याकडे येतं. तेव्हा उत्तर त्याच अंगाने देतो. लांब होईल, चहा घेऊन बसा.

पहिल्यांदा एक समज डोक्यातून काढा, की स्वस्त गाड्या बनवणाऱ्या मोठ्या मालकाने घेतली की भारी ब्रँडचा आत्मा जातो वगैरे. २०२४ चे आकडे बघा. मासेरातीने वर्षभरात ११,३०० गाड्या पाठवल्या आणि २६ कोटी युरोचा ऑपरेटिंग तोटा केला. मासेरातीच्या मोदेना गावाहून गाडीने जेमतेम अर्ध्या तासावर सांत'आगाता गावात लॅम्बोर्गिनी आहे, तिने त्याच वर्षी १०,६८७ गाड्या दिल्या आणि ८३.५ कोटी युरो कमावले. गाड्या जवळपास तेवढ्याच, इटलीतला भाग तोच, कामगार कायदे तेच, आणि मालकाचं म्हणाल तर लॅम्बोर्गिनी ऑडीमार्फत फोक्सवॅगनकडे आहे, म्हणजे जी कंपनी पोलो विकते तिच्याकडे. मग मोठ्या मालकाला दोष देऊन कसं चालेल.

दुसरा समज, पार्ट शेअर केले म्हणून वाट लागली. लॅम्बोर्गिनीची उरूस घ्या (आपल्याला नाव ऐकून जत्राच आठवते ते सोडा). तिच्या खालचा सांगाडा ऑडी क्यू ७, क्यू ८, पोर्शा कायेन यांच्याच घराण्यातला आहे, आणि घेणाऱ्याला हे माहीतही असतं, पण कुणी तक्रार करत नाही. कारण शेअर केलेलं जे काही आहे ते पायाखाली आहे, डोळ्याला दिसत नाही, बोटाला लागत नाही. मासेरातीने २०१३ मध्ये गिब्ली काढली, अमेरिकेत साधारण ६७ हजार डॉलरपासून, आणि आत बसल्यावर काचा वर-खाली करायची बटणं, मधला स्क्रीन हे क्रायस्लर-डॉजच्या गाड्यांमधलं ओळखू येत होतं. म्हणजे जे लपवायचं ते उघडं आणि जिथे दिवसातून दहा वेळा हात जातो तिथेच काटकसर. चांदीचं ताट मांडायचं आणि वाट्या मात्र केटररच्या स्टीलच्या, असला प्रकार. त्यावर ज्याच्या हाताला रोज क्रायस्लरची सवय होती त्या अमेरिकन माणसाला तर पहिल्या पाच मिनिटांतच कळणार ना.

डिझेल गिब्लीचंही तसंच. ३ लिटर व्ही सिक्स, व्हीएम मोटोरीचं, चेंतो गावातलं. इंजिन वाईट अजिबात नव्हतं, पण तेच इंजिन जीप ग्रँड चेरोकीमध्येही होतं. आणि आजची ग्रेकाले जी आहे, तिचं सुरुवातीचं २ लिटर चार सिलिंडर इंजिन ज्या घराण्यातलं, त्याच घराण्यातलं इंजिन आपल्या रांजणगावात जोडल्या जाणाऱ्या जीप रँग्लरमध्ये आहे. ग्रेकाले २०२४ मध्ये भारतात आली तेव्हा साधारण १ कोटी ३१ लाखांपासून सुरू होत होती, एक्स-शोरूम. आता तुम्हीच सांगा, सव्वा कोटीच्या वर मोजणाऱ्या माणसाला त्याच्या भाच्याने हे इंजिनाचं जेवणाच्या टेबलावर सांगितलं तर कसं वाटेल. मासेरातीने त्या इंजिनावर स्वतःचं काम केलंय, ४८ व्होल्टची हायब्रिड सिस्टम आहे, इलेक्ट्रिक बूस्टर आहे, ३०० हॉर्सपॉवर काढलेत, हे सगळं खरं, पण टेबलावर एवढं समजावत कोण बसतो?

तरीही माझ्या मते हे सगळं दुय्यम. खरा रोग आकड्यांचा आहे, आणि तो मासेरातीला आधी एकदा होऊन गेलाय.

इतिहास पटकन सांगतो. १९१४, बोलोन्या, मासेराती भाऊ. त्रिशूळ हे चिन्ह गावातल्या नेपच्यूनच्या कारंज्यावरून. १९३७ मध्ये ओर्सी कुटुंबाने घेतली आणि पुढे मोदेनाला नेली. १९५७ ला फांजिओ मासेराती २५० एफ घेऊन फॉर्म्युला वनचा जगज्जेता झाला आणि त्याच वर्षी पैशाअभावी कंपनीने रेसिंगची फॅक्टरी टीमच बंद केली. १९६८ ला सित्रोएनने घेतली, तेलाचा भडका उडाला, सित्रोएन स्वतःच प्यूजोच्या पदरात गेली आणि १९७५ मध्ये मासेरातीचं दिवाळं जाहीर झालं. गंमत बघा, ज्या प्यूजो-सित्रोएनने तेव्हा हिला वाऱ्यावर सोडलं त्याच प्यूजो-सित्रोएनच्या घराने २०२१ ला फियाट-क्रायस्लरशी (मासेराती तोवर त्यांच्याकडे होती) लग्न करून स्टेलांटिस केली, म्हणजे सोडून दिलेली पोर शेहेचाळीस वर्षांनी सून म्हणून त्याच दारात.

पण थांबायचं आहे ते १९८१ ला. १९७५ ला इटालियन सरकारी पैशाच्या मदतीने अलेहांद्रो दे तोमासोने कंपनी घेतली होती आणि त्याला वाटलं की थोड्या महाग गाड्या विकण्यापेक्षा थोडी स्वस्त गाडी खूप विकू. इटलीत तेव्हा २ लिटरच्या वरच्या इंजिनावर टॅक्स जबरदस्त होता म्हणून २ लिटरचं छोटं व्ही सिक्स घेतलं, त्याला दोन टर्बो लावले, आणि नावच ठेवलं बिटर्बो. कल्पना झकास होती. त्रिशूळवाली गाडी आणि किंमत आवाक्यात, लोक तुटून पडले. मग गाड्या तक्रारी घेऊन परत यायला लागल्या. कार्ब्युरेटर आणि दोन टर्बो ही जोडी गरम इंजिनावर काय करते ते जुन्या मेकॅनिकांना विचारा. अमेरिकेत तर नाव इतकं खराब झालं की १९९० च्या सुमाराला कंपनीला तिथून बाडबिस्तरा गुंडाळावा लागला, आणि परत जायला २००० नंतरचा काळ उजाडला. आजही जुन्या बिटर्बोला फारसा भाव येत नाही.

नंतर फियाटने १९९३ ला पूर्ण घेतली, १९९७ पासून फेरारीकडे सोपवली. हा जो फेरारीचा आठ वर्षांचा काळ आहे ना, तो मला विचाराल तर मासेरातीचा अलीकडचा सगळ्यात शहाणपणाचा काळ. गाड्या थोड्या, इंजिन मारानेल्लोचं म्हणजे फेरारीच्या गावचं, २००३ ची क्वात्रोपोर्ते पिनिनफारिना या डिझाइन कंपनीने काढलेली. आणि त्याच वळणाची २००७ ची ग्रानतुरिस्मो, तीही पिनिनफारिनाचीच. (ही पिनिनफारिना आपल्या महिंद्रांकडे आहे, २०१५ च्या शेवटी तसा करार झाला, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.) त्यातही दोष होते. सुरुवातीच्या क्वात्रोपोर्तेचा सिंगल क्लच गिअरबॉक्स ट्रॅफिकमध्ये मान हलवायचा आणि शेवटी नेहमीचा ऑटोमॅटिक द्यावा लागला. पण त्यांचं ते व्ही एट इंजिन सुरू केलं की यार्डातली पोरं हातातलं काम टाकून बाहेर येतात, अजूनही. असा आवाज असला की माणूस दहा दोष माफ करतो.

मग आले फियाटचे प्रमुख सर्जिओ मार्किओने. माणूस हुशार, फियाट आणि क्रायस्लर दोन्ही बुडताना वाचवल्या, त्याबद्दल आदरच आहे. पण त्यांची अडचण वेगळीच होती. इटलीतले फियाटचे कारखाने अर्धे रिकामे होते आणि बंद करायचे म्हटलं तर युनियन, सरकार, चर्च सगळे अंगावर येणार. छोट्या गाड्या इटलीत बनवून परवडत नव्हत्या. मग ठरलं की या कारखान्यांत महाग गाड्या बनवून जगभर विकायच्या. तुरीनजवळ ग्रुल्यास्कोला बेर्तोनेचा जुना कारखाना घेतला होता, तिथे क्वात्रोपोर्ते आणि गिब्ली टाकल्या, तुरीनच्याच मीराफिओरी कारखान्यात लेवांते ही एसयूव्ही टाकली. आणि टार्गेट दिलं वर्षाला ५०,००० गाड्यांचं, पुढे २०१४ च्या प्लॅनमध्ये ते झालं ७५,०००. २०१२ मध्ये ही कंपनी विकत होती साधारण सहा हजार!

इथे नीट लक्ष द्या, कारण सगळं इथे आहे. हा ७५,००० आकडा गिऱ्हाइकांकडे बघून ठरलेला नव्हता, रिकाम्या कारखान्यांकडे बघून ठरलेला होता. किती लोकांना मासेराती हवीय यापेक्षा किती मासेराती बनवल्या तर कारखाना भरेल हे आधी मोजलं. रोजच्या गाड्यांच्या धंद्यात हे चालतं, तिथे कारखाना भरलेला असणं हाच नफा, महिनाअखेरीला स्टॉक उरला की स्कीम काढायची, एक्स्चेंज बोनस द्यायचा, कॉर्पोरेट डिस्काउंट द्यायचा आणि गाडी काढायची. स्विफ्ट घेणाऱ्याला शेजाऱ्याला वीस हजार जास्त सूट मिळाली तर दोन दिवस वाईट वाटतं आणि तो विसरतो. दीड कोटीची गाडी घेणाऱ्याला जर कळलं की त्याच्या क्लबमधल्या माणसाला तीच गाडी वीस लाख कमी करून दिली, तर तो आयुष्यभर विसरत नाही आणि क्लबात कुणाला विसरूही देत नाही.

आधी आकडे छान दिसले. २०१३ ला १५ हजारांवर, २०१४ ला ३६ हजारांवर, आणि २०१७ ला ५१ हजारांच्या पुढे. टाळ्या. मग २०१८ ला ३५ हजारांच्या आसपास, २०१९ ला १९,३००. मार्किओनेनंतर आलेले माइक मॅनली यांनी २०१८ मध्येच कबूल केलं होतं की आम्ही मासेराती आणि अल्फा रोमिओ एकत्र हाताळल्या आणि काही काळ मासेरातीला जवळजवळ मास-मार्केट ब्रँडसारखं वागवलं, तसं करायला नको होतं. मालकानेच दिलेली कबुली आहे ही.

आता डिस्काउंट दिला तर ब्रँड मरतो म्हणजे नेमकं काय होतं ते लीजच्या हिशोबात दाखवतो. अमेरिकेत या वर्गातल्या गाड्या मोठ्या प्रमाणावर लीजवर जातात. लीज म्हणजे काय, गाडीची आजची किंमत वजा तीन वर्षांनंतरची किंमत, जो फरक येईल तो ३६ महिन्यांत भरायचा, वर व्याज. उदाहरणापुरतं समजा गाडी १ लाख डॉलरची आहे. तीन वर्षांनी ती ६० हजारांना विकली जाणार असेल तर फरक ४० हजार, म्हणजे महिन्याला साधारण ११०० डॉलर. पण बाजारात डिस्काउंटच्या गाड्यांचा पूर आला आणि तीन वर्षांनी तिची किंमत ४० हजारच येणार असं दिसलं तर फरक ६० हजार, हप्ता जवळपास १७०० वर. गाडी तीच, किंमत तीच, हप्ता दीडपट. आता हप्ता खाली आणायचा तर कंपनीला आणखी सूट द्यायला लागते, त्या सूटमुळे जुनीचा भाव आणखी पडतो, त्यामुळे पुढच्या नवीचा हप्ता आणखी वर जातो. या चक्रात एकदा गाडी सापडली की नवीन मॉडेल कितीही चांगलं काढा, त्याला जुन्याचं ओझं ओढावं लागतं. लॅम्बोर्गिनी-फेरारीवाले गिऱ्हाइकाला वर्ष वर्ष थांबायला लावतात त्यात माज असतोच, पण जुनीचा भाव सांभाळायची ती रीतही आहे.

आपल्याकडे लीज कमी, पण खड्डा तोच. इथे बरेच लोक गाडी फर्मच्या नावावर घेतात, घसारा दाखवतात आणि पाच-सहा वर्षांनी मला फोन करतात. मागच्या पावसाळ्यात वरळीला एका टॉवरच्या बेसमेंटमध्ये एक युरोपियन सेडान बघायला गेलो होतो, कुठल्या ब्रँडची ते सांगत नाही. शेठने घेतली तेव्हा ऑन-रोड १ कोटी ६० लाख मोजले होते, सहा वर्षांत चालली १९ हजार किलोमीटर. धुळीचा थर, बॅटरी झोपलेली. जंप स्टार्ट लावून सुरू केली तेव्हा सुरुवातीला खडखड आली आणि वीस-पंचवीस सेकंदांनी गेली. पेंट मीटर फिरवला, सगळीकडे ११०-१२० मायक्रॉन, फक्त ड्रायव्हरच्या मागच्या दारावर २७०, म्हणजे दार पुन्हा रंगवलेलं, शेठना आठवतच नव्हतं. टायरच्या बाजूला चार आकडे असतात ते बघितले, १८१९, म्हणजे २०१९ च्या अठराव्या आठवड्यातला. नक्षी नव्यासारखी पण रबर लाकूड झालेलं, चारही बदलायचे. आत दाराच्या बटणांवर मऊ रबरी कोटिंग असतं ते मुंबईच्या दमट हवेत वितळून चिकट झालेलं, बोटाला काळं लागलं. पुसायला शेठनेच रुमाल दिला.

हे सगळं मिळून खर्च निघाला असता दहा-बारा लाखांत. पण गाडीचा भाव त्यावर ठरलाच नाही. मी तिथेच उभं राहून पाच डीलरना फोन लावले. दोघांनी उचलला नाही, एकाने मॉडेलचं नाव ऐकून "भाऊ, घेऊन ठेवू कुठे?" म्हणून विचारलं, एकाने ३२ म्हटलं, एकाने ३४. तीच त्याच वर्षाची जर्मन गाडी असती, अगदी तेवढीच खराब, तरी पाचही जण बोलले असते. जुन्या महाग गाडीची किंमत ही असते बघा, ती गाडी किती चांगली आहे यावर नसते, मी फोन केल्यावर किती लोक उचलतात यावर असते. शेठना ३४ सांगितलं तेव्हा ते काही बोलले नाहीत, वर जाऊन चहा घेऊ म्हणाले.

असो. तर स्टेलांटिसकडे मासेराती आली ती या ओझ्यासकट आली. स्टेलांटिसचे तेव्हाचे प्रमुख कार्लोस ताव्हारेस यांनी १४ ही ब्रँडना दहा-दहा वर्षं देतो, सिद्ध करा म्हटलं. मासेराती चालवायला २०१९ पासून दाविदे ग्रास्सो होते, ते आधी कॉन्व्हर्स बुटांच्या कंपनीचे प्रमुख. मला बूटवाल्यांबद्दल राग नाही, ब्रँड त्यांना कळतो, आणि त्यांची दिशा कागदावर बरोबरच होती, की गाड्या कमी करू आणि वर जाऊ. मोदेनात स्वतःचं नेत्तुनो इंजिन बनवलं, ३ लिटर व्ही सिक्स, ६३० हॉर्सपॉवर, फॉर्म्युला वनच्या धर्तीचं प्री-चेंबर इग्निशन, आणि त्यावर एमसी २० ही स्पोर्ट्स कार काढली. ही गाडी मला मनापासून आवडते, मासेरातीने एवढ्या वर्षांत कुणाच्या ओसरीवरून उचलून न आणता स्वतः केलेलं काम आहे ते.

पण वर जायचं तर आधी खाली पडलेला जुना भाव उचलायला लागतो, नुसत्या नव्या गाडीवर मोठी किंमत चिकटवून वर जाता येत नाही. बँक, लीजवाला, डीलर, सगळे जुनीच्या भावाकडे बघूनच नवीचा हिशोब करतात. त्यात २०२३ च्या शेवटी गिब्ली आणि क्वात्रोपोर्ते बंद, २०२४ मध्ये लेवांते बंद, म्हणजे शोरूममध्ये ज्या तीन गाड्यांवर धंदा उभा होता त्याच गेल्या. व्ही एटही गेला, कारण फेरारी वेगळी झाल्यावर त्यांनी इंजिनं द्यायचं थांबवायचं ठरवलं. त्याजागी फोल्गोरे नावाने इलेक्ट्रिक आणल्या. तीन मोटरवाली ग्रानतुरिस्मो फोल्गोरे कागदावर भन्नाट आहे, पण मी आधीच म्हटलं, या ब्रँडला माणूस दहा दोष माफ करायचा ते आवाजामुळे, आणि आवाजच काढून घेतला तर उरले काय, दहा दोष. चीनही थंडावला, तिथे आता लोकांना त्यांच्याच देशातल्या इलेक्ट्रिक गाड्या आवडायला लागल्यात. २०२३ ला २६,६०० गाड्या गेल्या होत्या, पुढच्या वर्षी ११,३००.

जुलै २०२४ मध्ये ताव्हारेस म्हणाले की प्रॉब्लेम गाड्यांचा नाही, ब्रँडच्या मार्केटिंगचा आहे. त्याच सुमाराला ग्रुपच्या फायनान्स प्रमुख बाई बोलून गेल्या की मासेरातीसाठी योग्य घर कुठलं याचा पुढे कधीतरी विचार होऊ शकतो. मग कंपनीने घाईघाईने खुलासा केला, विकायची नाही. अहो पण बोललेलं बोलून झालं ना! मालकच म्हणतोय मुलगी दुसऱ्या घरी द्यायचा विचार आहे म्हटल्यावर दोन कोटी घालणारा माणूस विचारणारच की पाच वर्षांनी याचे पार्ट कुठून आणू. डिसेंबर २०२४ ला ताव्हारेस स्वतःच गेले. मासेरातीसाठी ठरवलेली दीड अब्ज युरोची गुंतवणूक बासनात गेली, मार्च २०२५ मध्ये इलेक्ट्रिक एमसी २० रद्द झाली. मोदेनाच्या कारखान्यात कामगारांना दिवसेंदिवस काम नव्हतं, सरकारी आधाराच्या योजनेवर घरी बसवलेले. मात्र २०२५ मध्येच ग्रानतुरिस्मो आणि ग्रानकाब्रिओचं उत्पादन मीराफिओरीतून परत मोदेनाला आणायचं ठरलं, हे मला आतापर्यंतचं सगळ्यात शहाणं पाऊल वाटतं. घर लहान, पण भरलेलं राहील.

आता टाटांचं. आपल्याला अभिमान आहे तो रास्तच, २ जून २००८ ला २३० कोटी डॉलर मोजून फोर्डकडून दोन्ही ब्रँड घेतले, लगेच जागतिक मंदी आली, टाटा मोटर्सच धोक्यात आली असं सगळे म्हणत होते. टाटांनी दोन गोष्टी बरोबर केल्या, एक म्हणजे इंग्लंडमधल्या इंजिनिअरांना त्यांचं काम करू दिलं, इंडिका-सुमोचे पार्ट आत कोंबायला गेले नाहीत, आणि दुसरं, तोटा होत असतानाही नवीन मॉडेलचा पैसा थांबवला नाही. फोर्डने २००१ मध्ये मोंदेओच्या सांगाड्यावर जग्वार एक्स-टाइप काढली होती, छोटी स्वस्त जग्वार खूप विकू म्हणून. परत तोच बिटर्बोचा आजार.

पण खरं बोलायचं तर टाटांनी सावरली ती लँड रोव्हर. इव्होक चालली, रेंज रोव्हर चालली, डिफेंडर तर विचारूच नका. चिखलीच्या प्लांटमध्ये २०२४ पासून रेंज रोव्हरही जोडली जातेय. जग्वार मात्र त्याच आकड्यांच्या मागे गेली, २०१५ ची एक्सई काढून बीएमडब्ल्यू थ्री सिरीजला गाठू म्हणाली, गाठता आलं नाही, आणि शेवटी २०२१ मध्ये ठरलं की जुनं सगळं बंद करून पूर्ण इलेक्ट्रिक, संख्येने कमी आणि खूप महाग असं व्हायचं. डिसेंबर २०२४ ला मायामीत ती गुलाबी-निळी टाइप ०० दाखवली त्यावरून काय गदारोळ झाला तो तुम्ही बघितलाच असेल. म्हणजे एकाच मालकाने, एकाच पैशाने, एकाच शहाणपणाने दोन ब्रँड सांभाळले, एक सोन्याची खाण झाला आणि एक अजून आयसीयूत आहे. म्हणून टाटांसारखा कुणी मिळाला की मासेराती वाचेल असं मी म्हणणार नाही. तिच्याकडे डिफेंडर नाहीये. जो कुणी मालक असेल त्याला वर्षाला सात-आठ हजार गाड्यांवर समाधान मानून दहा वर्षं गप्प बसावं लागेल, आणि शेअर बाजारात लिस्टेड असलेल्या, तिमाहीला हिशोब देणाऱ्या कंपनीला गप्प बसणं जमत नाही. फियाटचं अन्येल्ली कुटुंब आजही स्टेलांटिसचा सगळ्यात मोठा भागधारक आहे, ते मनावर घेतील तर गोष्ट वेगळी.

राहिलं सेकंडहँड घ्यावी का. निम्म्याहून कमी किमतीत मिळते ती गाडी स्वस्त झालेली नसते, तिचा पहिला खड्डा दुसऱ्याने भरलेला असतो इतकंच, पुढचे खड्डे तुमचे. सर्व्हिस आणि पार्टचं बिल अजून दीड कोटीच्या गाडीचंच येणार, तीस लाखांच्या गाडीचं नाही. रोज ऑफिसला न्यायला हवी असेल तर सरळ नाही म्हणतो. घरात दुसरी भरवशाची गाडी आहे, शहरात ती खोलू शकणारा माणूस तुमच्या ओळखीचा आहे आणि पार्ट यायला दोन महिने लागले तरी तुमची झोप उडत नाही, असं असेल तर व्ही एटवाली जुनी ग्रानतुरिस्मो बघा, तिला अजून फोन उचलणारे आहेत. गिब्ली घेऊ नका असं नाही, पण मग ती शेवटपर्यंत ठेवायच्या तयारीने घ्या. बघायला जाल तेव्हा मालकाला आधीच सांगून ठेवा की इंजिन सुरू करून ठेवू नका, थंड गाडी तुमच्यासमोर सुरू झाली पाहिजे. टायरचे चार आकडे बघा, स्कॅनर लावा, बिलं मागा, आणि विकत घ्यायच्या आधीच दोन-तीन डीलरना फोन करून "माझ्याकडे ही आहे, घेता का?" विचारा. जे उत्तर मिळेल तो तुमचा तीन वर्षांनंतरचा भाव.

वरळीची ती सेडान चार महिन्यांनी ३१ लाखांना गेली. कोल्हापूरचा गिऱ्हाईक होता, सोबत स्वतःचा मिस्त्री घेऊन आलेला. मिस्त्रीने गाडी लिफ्टवर चढवून दोन तास खालून बघितली, खाली आल्यावर हात पुसत म्हणाला, "दादा, गाडी चांगली हाय, खरं इकायच्या नादाला लागू नगा." त्यांनी तिथेच टोकन दिलं.